विटाळलेली जीप

साखरा गावात सकाळपासून भोंगा ओरडत होता. सोनाजीची मंजुषा पुण्याहून येणार होती. पोरगी शास्त्रज्ञ झाली म्हणून मंदिराच्या सभामंडपात सत्कार. फ्लेक्सवर तिचा हा मोठा फोटो, खाली 'प्रोटीनकन्या'.

"सोयाबीनच्या प्रोटीनवर संशोधन करून राहिली," सोनाजी ज्याला त्याला सांगायचा. धडधडीत खोटं. मंजुषा बाईच्या पाळीचं रक्त तपासते. त्या रक्तातल्या प्रथिनांचे तुकडे करायचे, मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रात एकेका तुकड्याचं वजन काढायचं आणि पोट न फाडता गर्भाशयाचा रोग ओळखता येतो का ते शोधायचं, हे तिचं काम. बापाला सगळं ठाऊक होतं. पण ते बोलायला त्याची जीभ विटाळत होती.

घरी आली तशी मंजुषा सरळ चुलीकडे गेली. "माय, वैनी कुठाय?"

"बाजूला बसली," गोजरबाई पुरण वाटता वाटता बोलली.

"आगं, मागं फोन केला तवाबी बाजूलाच होती!"

"मंग? थांबूनच न्हाई राहिलं तिचं. आत कशी घेऊ? देव हाय घरात."

गोठ्यात वैनी, संध्या, पोत्यावर पडली होती. पोतं काळं पडलेलं, त्यावर माशा. शेजारी शेणाचा पो आणि जर्मनच्या ताटलीत वरून टाकलेली वाळकी भाकर. ओठ पांढरे, नखंही पांढरीफटक. रक्त थांबत नाही म्हणून तिला घरात घ्यायचं नाही, आणि शिवायचं नाही म्हणून दवाखान्यातही न्यायचं नाही! याच दावणीची म्हैस आजारी पडली तेव्हा मात्र सेनगावहून डॉक्टर आणला होता.

"ताई, शिवू नका," संध्या पुटपुटली. "सत्कार हाय तुमचा."

मंजुषानं तिला काखेत हात घालून उठवलं, भिंतीला टेकवून बसवलं. तिचे हात रक्तानं भरले. तशीच ती मंडपाकडे निघाली.

मिरवणुकीची जीप मंडपापुढं हार घालून उभी होती. चावी तिच्या भावाच्या, संध्याच्या नवऱ्याच्या खिशात.

"दादा, चावी दे. वैनीला हिंगोलीला न्यायचंय."

"सत्कार तं होऊ दे," भागवत म्हणाला. "लोकं बसलेत." मग त्याची नजर खाली गेली. "हाताला काय लागलं?"

"तुझ्या बायकोचं रक्त."

अख्खा मंडप मागं सरकला. फेटेवाले, टोपीवाले एकमेकांचे पाय तुडवत खांबांना चिकटले. सरपंच भीमराजच्या हातातला नारळ घरंगळला. "आगं, देवाच्या दारात!"

"मी याच रक्तावर काम करते, सोयाबीनवर न्हाई. आबा, सांगा की या लोकांना!"

सोनाजी खांबाआड सरकला.

मंजुषा चावीसाठी पुढं झाली, तसा भागवत किंचाळला आणि चावी मातीत फेकून लांब पळाला. नवरा! सात फेरे घेतलेला! मर्दांनी भरलेल्या त्या मंडपात तिला एकानंही अडवलं नाही. माणुसकीपोटी नव्हे. अडवायला शिवावं लागलं असतं म्हणून.

मागं बसलेल्या बायकांतून एकटी शेजारची शालूबाई पदर खोचत उठली. "चल पोरी. पाय मी धरते."

हिंगोलीत संध्याला बाटलीमागून बाटली रक्त चढलं. गर्भाशयात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, रात्र काढली नसती. संध्या वाचली. बाटलीतलं रक्त कुणाचं, हे मात्र गोजरबाईनं विचारलं नाही. ते चालतं!

सून घरी परतली तेव्हा सासूचा पहिला सवाल, "आता फुडल्या येळेला बराबर बसशील ना बाजूला?"

संध्यानं चुलीपुढं पाट ओढला. "न्हाई आत्याबाई. तुमाला चालत नसंल तं तुमी बसा गोठ्यात."

भागवतनं जीप गोमूत्रानं धुतली. मंडप धुतला. फ्लेक्स तेवढा अजून लोंबतोय. त्या फोटोला हात कोण लावणार?

आणि तुम्ही, हा पेपर हातात धरून बसलेले. तुमच्या घरात आज कोण बाजूला बसलंय? पेपर ठेवा, उठा. जाऊन तिची नखं बघा.