लीलाबाई बसल्या की येणारा आवाज

सुभेदार लालासाहेब लष्करातून निवृत्त होऊन विट्याजवळच्या आपल्या गावी परतले, त्याला अकरा वर्षे झाली. या अवधीत त्यांनी लीलाबाईंना मोटारसायकलवर घेऊन औंधची यमाई गाठली नाही, अशी पौर्णिमा विरळाच. घरात सुना, नातवंडे, पाहुण्यांचा राबता; उभयतांना निवांत बोलायला मिळे ते या रस्त्यावरच. परंतु तीन महिन्यांपासून मागच्या चाकाकडून ‘कर्र-टक’ असा आवाज येऊ लागला आणि सुभेदारांचा कान तिकडेच लागून राहिला. मागल्या खेपेस लीलाबाईंनी बहिणीच्या आजारपणाची हकीकत साद्यंत सांगितली, तेव्हा यजमान उत्तरले, “खड्ड्यातच वाजतंय. सपाटीला न्हाई.”

“पुढल्या पुनवंला मी येष्टीनं जाणार,” देवळाच्या पायऱ्या उतरताना लीलाबाई शांतपणे म्हणाल्या. “तुमी आवाजाला घिऊन या.”

लीलाबाईंचा शब्द फिरत नसे. म्हणून पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सुभेदारांनी कुपवाड गाठले. तेथे जवाहर नावाचा मेकॅनिक होता. नुसत्या आवाजावरून तो रोग ओळखतो, अशी त्याची ख्याती होती. त्याने एकट्याने गाडी फिरवून आणली.

“कायबी वाजत न्हाई, काका.”

“मी एकटा असलो तर माझ्याकडंबी वाजत न्हाई.”

“मग वाजतंय कवा?”

लालासाहेबांनी खिशातून वही काढली. तारीख, गिअर, वेग, रस्ता, इतकेच नव्हे तर हवामान, यांचेही स्वतंत्र रकाने तीत होते. मागे कोण बसले होते, याचा मात्र नव्हता. बिघाडाच्या वहीत पत्नीचा उल्लेख करणे त्यांना प्रशस्त वाटले नव्हते.

“दोघं असतो तवा,” ते अखेर म्हणाले.

मग सुभेदारांनी गाडी हाती घेतली आणि जवाहर मागे बसला. कारखान्यांना वळसा घालून झाला, दहाबारा खड्डे झाले, तरी गाडी मूग गिळून बसलेली.

“काकूंचं वजन माझ्यापेक्षा...”

“वजनाचं बोलू नगंस.”

“काकू बसत्यात कशा?”

“कशा म्हंजे? नऊवारी नेसून बाई कशी बसंल? एका अंगाला.”

जवाहर खाली उतरला आणि पुन्हा बसला, तो थेट एका अंगाला. दोन्ही पाय डावीकडच्या साडीगार्डच्या पायरीवर, हात सुभेदारांच्या खांद्यावर. गाडी पुन्हा निघाली, आणि नेमकी तेव्हाच कारखान्यांची शिफ्ट सुटली होती.

“पाव्हणं, नवरी कुठली?” शेजारून जाणाऱ्या एका कामगाराने विचारले.

“तुझ्या आत्याच्या गावची,” चाकाकडे वाकलेल्या जवाहरनेच परस्पर उत्तर दिले. तोच खड्डा आला.

कर्र-टक.

साडी चाकात जाऊ नये म्हणून बसवलेल्या त्या गार्डची पट्टी सैल झाली होती. दोन्ही पायांचा भार एकाच बाजूला पडला आणि वर खड्ड्याचा दणका बसला, की ती आत दबून चेनच्या कव्हरला घासे. बोल्ट आवळून पट्टी सरळ करायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

“तीन म्हैनं हुडकत बसलासा,” हात पुसत जवाहर म्हणाला. “काकूंना तरी इचारायचं. त्यांच्या पायाखालीच वाजत हुतं की.”

सुभेदारांनी वही खिशात घातली. हे त्यांना सुचले नव्हते, आणि सुचले नव्हते हे कबूल करणे त्याहून अवघड होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाबाई पिशवी घेऊन एसटीच्या थांब्याकडे निघाल्या होत्या. लालासाहेबांनी गाडी त्यांच्या आडवी घातली.

“दोन खड्ड्यांपतूर बस. वाजलं तर उतर.”

लीलाबाई बसल्या. दोन खड्डे गेले, चार गेले. गाडी निमूट चालली होती. सुभेदारांची छाती किंचित फुगली.

“तुझ्या पायाखाली वाजत हुतं,” ते म्हणाले. “तुला कसं कळलं न्हाई?”

“कळलं हुतं की.”

“मग सांगायचं न्हाईस?”

“दोनदा सांगितलं. तुमी म्हणालासा, गप, मला ऐकू दे.”

लालासाहेबांनी गाडीचा वेग कमी केला, आणि औंध येईपर्यंत लीलाबाई बोलत राहिल्या.