तुळसाआजीचे धवले

मी बोलतेय, तुळसाआजीची वेबसाइट. आजी कोपरी गावची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. तिनं सूर लावल्याशिवाय नवरीला हळद लावायची नाही, अशी रीत.

मला घडवलं तिच्या नातीनं, कल्पितानं. माझा सांगाडा फुकटातला. कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांनी मिळून लिहिलेला आणि कुणीही वापरावा म्हणून मोकळा ठेवलेला. त्यावर तिनं हवा तसा साज चढवला. रंग हळदीचाच हवा म्हणून मला इतक्यांदा पिवळी केली की मीच कंटाळले. धवल्यांची बटणं प्रत्येक पानावर दिसावीत म्हणून तिनं ती कडेच्या पट्टीत बसवली.

आजी फोनसमोर बसून गायली. मधेच थांबून म्हणाली, "या फोनान माजा आवाज मावल काय गो?"

"फोनात नाय आजी, साइटवर. तिथे कायम राहील."

ते ऐकून मी केवढी फुशारले होते. पुढे फोन भरला तेव्हा कल्पितानं त्यातली गाणी पुसली. साइटवर आहेत ना, मग काळजी कसली?

आजी गेली. मग हळदीला लोक मलाच उघडू लागले. मांडवात आजीचा आवाज घुमायचा आणि बाया डोळ्यांना पदर लावायच्या. तेवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

यंदा कल्पिताचं लग्न ठरलं. तिचा भाऊ दिपेश म्हणाला, "ताई, साइट जुनाट दिसते. पाहुणे बघतील. मी मस्त करून देतो."

पोरगा मनापासून राबला. लग्नाच्या व्हिडिओंना जागा हवी म्हणून माझं भांडार आवरायला बसला. तिथे कुठल्याच पानाला न जोडलेल्या फायली वेगळ्या दिसतात. कडेच्या पट्टीतल्या बटणांमागच्या फायली मी पानाला जोडलेल्या धरत नाही, माझी घडणच तशी. आजीचे सगळे धवले त्यांतच होते, नावांऐवजी नुसते आकडे. त्याला तो कचरा वाटला. "कायमचं पुसायचं?" मी विचारलं. मला एवढंच विचारता येतं. तो हो म्हणाला.

हळदीला कल्पिता पाटावर बसली. दिपेशनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"नेट नाय का रे?" मावशीनं विचारलं.

"नेट आहे." त्याचा चेहरा उतरला होता.

"दिपू, बॅकअप घेतलेलास ना?"

"मला वाटलेलं तुझ्याकडे असेल, ताई."

बायांनी गाऊन पाहिलं. पहिली ओळ सगळ्यांना येत होती, पुढची कुणालाच नाही. शेवटी हळद तशीच लागली. कल्पिता मान खाली घालून बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता ती सासरी ठाकुर्लीला असते. अधूनमधून मला उघडते, बटण दाबते, बंद करते. दिपेश तर माझ्याकडे फिरकतही नाही.

कोपरीकरांनो, तुमच्या लग्नांचे जुने व्हिडिओ काढून बघा. बेंजोच्या आवाजामागे कुठेतरी आजी गात असेल. सापडली तर कल्पिताला द्या. पण एक प्रत तुमच्याकडेही ठेवा. माझ्यावर विसंबू नका.