कुलदैवत कुठलं?

मराठी माणसाला दुसऱ्याच्या कुलदैवताची एवढी उठाठेव कशाला हवी, कुणास ठाऊक! लखनौसारख्या परमुलखात दोन मराठी कुटुंबं भेटली की गाव कुठलं, आडनाव काय, आणि मग तिसरा प्रश्न ठरलेलाच. शहाण्णव सालच्या त्या हिवाळ्यात मालिनी गायकवाडला ह्या तिसऱ्या प्रश्नाच्या धास्तीने अन्न गोड लागत नव्हतं.

गायकवाड मूळचे अहमदनगरचे, आज्यापासूनचे ख्रिस्ती. तिचा नवरा दीनानाथ हजरतगंजला बँकेत, बिऱ्हाड निशातगंजात. मुलगी अनघा शाळेत शिकवायची, आणि अमौसीला विमानतळावर नोकरी करणाऱ्या संकेतशी तिचं जमलं होतं. पोरगा गुणी, नावं ठेवायला जागा नाही. त्याची आई चंद्रप्रभाबाई आधी रुसून बसली, मग लेकाच्या हट्टापुढे नरमली. अट एकच. बोलणी करायला साताऱ्याहून संकेतची नयनाआत्या येणार, तिच्यासमोर चर्चचं नाव काढायचं नाही. आत्याच्या शब्दाबाहेर त्या घरात कुणी नव्हतं.

"आडनावावरून काही कळत नाही तुमच्या," चंद्रप्रभाबाई समजुतीने म्हणाली होती. "कुलदैवत विचारलं तर तुळजापूर म्हणा. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

दीनानाथांनी लगेच मान डोलावली. अनघा चहाचे कप उचलून आत गेली. मालिनीने मात्र नवऱ्याशी रोज वाद घातला. ती म्हणे, कुणी विचारलं नाही तर मी आपणहून सांगायला जाणार नाही, पण विचारल्यावर खोटं कसं बोलू? दीनानाथ म्हणत, पोरीच्या सुखापेक्षा तुझा हेका मोठा का? भवानीशी मालिनीचं काही वाकडं नव्हतं. पण ज्याचं आयुष्यभर नाव घेतलं त्याला ऐन वेळी ओळख द्यायची नाही, हे तिच्या घशाखाली उतरेना.

बैठक संकेतच्या घरी झाली. आत्या खाष्ट असती तर सोपं गेलं असतं. बाई निघाली मायाळू. अनघाला शेजारी बसवून घेतलं, तिचा हात हातात घेतला. पोहे झाले, चहा झाला, आणि तिने कुलदैवत विचारलंच. दीनानाथ "तुळजापूर" म्हणून मोकळे झाले. आत्या हरखलीच. त्यांच्या घरचंही तेच! लग्न झालं की जोडप्याला घेऊन सगळेच जाऊ, विहीणबाईंनी नि मी मिळून ओटी भरू, असे तिचे बेतही सुरू झाले. मग कौतुकाने मालिनीकडे वळून तिने विचारलं, शेवटचं दर्शन कधी घेतलंत?

संकेतने मान खाली घातली.

"मी कधीच गेले नाही, आत्या," मालिनी म्हणाली. "आम्ही ख्रिस्ती आहोत. तुम्हाला फसवून मुलगी द्यायची नाही मला."

आत्याने अनघाचा हात सोडला. ती रागावली नाही; रागावली असती तर बरं झालं असतं. विचार करून कळवते, एवढंच म्हणाली. चंद्रप्रभाबाई निरोप द्यायला दारापर्यंतसुद्धा आली नाही.

परत येताना दीनानाथ मुद्दाम प्रवासी टेंपोत पुढे, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. मागे मायलेकी.

"मम्मी, सच आपका था," लखनौत वाढलेली अनघा म्हणाली, "पर शादी तो मेरी थी."

म्हणजे तू तुळजापूर म्हणाली असतीस का, असं मालिनीने कसंबसं विचारलं.

"पता नहीं. शायद नहीं कहती. लेकिन वो मुझे कहना था ना?"

इतके दिवस मालिनी नवऱ्याशी भांडली, देवाशी भांडली. पण बाई गं, तुझं काय, असं पोरीला एकदाही विचारलं नव्हतं. खरं बोलल्याचा तिला पस्तावा नव्हता. पण पोरीच्या वाटचंही आपणच बोलून बसलो, हे तिला फार लागलं.

पुढच्या आठवड्यात फोन वाजला. साताऱ्याहून आत्या. तिने आढेवेढे घेतले नाहीत. मुलगी आवडलीय, तुम्ही तरी खोटं बोलला नाहीत तेही आवडलं, लग्न करू. मात्र लग्नानंतर ती चर्च सोडून आमचं सगळं करील, एवढं तुम्ही कबूल करा.

नाही हा शब्द मालिनीच्या अगदी ओठांवर आला. तो तिने गिळला.

"हे मी कशी कबूल करू, आत्या? अनघालाच विचारा," असं म्हणून तिने रिसीव्हर लेकीच्या हातात दिला.

अनघाने सगळं ऐकून घेतलं.

"आत्या, सणवाराला घरात राबेन. तुमच्याबरोबर तुळजापूरलाही येईन, तुमची पिशवी धरून बाहेर उभी राहीन. पण प्रार्थना मी प्रभूचीच करणार, आणि लपून करणार नाही. हे चालत असेल तर हो म्हणा."

पलीकडे आत्या बोलू लागली. काय ते मालिनीला ऐकू येईना, अनघाच्या चेहऱ्यावरून कळेना. तिचा जीव नुसता टांगणीला लागला. तरी तिने रिसीव्हर मागितला नाही.