पदकाच्या काठावरचा नंबर

मित्रांनो, आधी मला नीट बघून घ्या. काचेवर उजवीकडे चरा आहे, पितळी कडं ढिलं झालंय आणि लाकडी मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. हसू नका. मी एक जुनं भिंग आहे, आणि चाकूरच्या माजी सैनिक मदत केंद्रात माझी नोकरी बावीस वर्षांची झाली. इथं येणाऱ्या बऱ्याच जवानांचीसुद्धा एवढी झालेली नाही.

माझी काच कुठल्या कारखान्यात ओतली, ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते थेट नांदेडचं, गुरुद्वाऱ्याजवळचं स्टेशनरीचं दुकान. सुभेदार शेषेराव तेव्हा नुकतेच फौजेतून रिटायर झाले होते आणि गावी दोन खोल्यांत हे केंद्र उघडणार होते. त्यांनी रजिस्टर घेतलं, टाचण्या घेतल्या, शिक्क्याचं पॅड घेतलं. जाता जाता मला उचललं, दुकानदाराच्या तळहातावरच्या रेषा माझ्यातून बघितल्या आणि म्हणाले, "तुम्ही लई दिवस जगणार." दुकानदार खूश झाला आणि मी सुभेदारांच्या खिशात गेलो.

काय दिवस होते ते! सकाळी दहाच्या आत बाकडं भरलेलं असायचं. कुणाचं सेवापुस्तक घामानं पुसट झालेलं, कुणाचा शिक्का उडालेला, कुणाला मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावरची बारीक अक्षरं दिसत नसायची. निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख एक जून, हे गुपितही मला तिथंच कळलं. "भिंग आणा," असं सुभेदार म्हणाले की माझा रुबाब काही विचारू नका.

मग वर्षाराणी आली. तिचा नवरा फौजेत, तिकडे बर्फात. ती आली होती एका अर्जाची चौकशी करायला, आणि केंद्राचा कॉम्प्युटर सांभाळायला राहिली ती राहिलीच. पोरगी गुणाची, पण तिच्या मोबाइलवर दोन बोटं फाकवली की अक्षर पाहिजे तेवढं मोठं व्हायचं. मला विचारतो कोण? मी खणात गेलो, रबरबँड आणि संपलेल्या सेलांच्या शेजारी. चार वर्षं तिथं पडून होतो. खोटं कशाला बोलू, मी चांगलाच रुसलो होतो.

गेल्या संक्रांतीनंतरची गोष्ट. देवणीकडच्या एका खेड्यातून गौरम्मा एकटीच एसटीनं आली. वय पंच्याहत्तर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. डावा डोळा मोतीबिंदूनं गेल्यात जमा होता आणि उजवाही त्याच वाटेवर. उन्हाळ्याआधी ऑपरेशन करा, नाहीतर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. केंद्राच्या ओळखीच्या दवाखान्यात सैनिकांच्या घरच्यांचं ऑपरेशन फुकट होतं, पण त्यासाठी ओळखपत्र लागतं. आणि ओळखपत्रासाठी लागतो नवऱ्याचा फौजेतला नंबर.

तिचा नवरा गुरुबसप्पा तोफखान्यात होता. एकाहत्तरच्या लढाईत तोफ चालवली, थोड्याच वर्षांनी घरी परतला. नोकरी कमी भरली म्हणून पेन्शन नव्हती. त्याला जाऊनही तीस वर्षं झाली होती. पेटीतले सगळे कागद वाळवीनं खाल्ले होते, आणि त्याचा नंबर गावात कुणालाच माहीत नव्हता.

"कागद न्हाईत अण्णा," ती म्हणाली, "पर पदकं हायत की."

तिनं पदराची गाठ सोडली आणि दोन पदकं टेबलावर ठेवली. सुभेदारांचा चेहरा उजळला. फौजेच्या पदकाच्या काठावर जवानाचा नंबर आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. वर्षाराणीनं लगेच फोटो काढला, बोटं फाकवली, पुन्हा फाकवली.

"सर, काहीच दिसत नाही. काठ कोरा आहे."

"कोरा कसा असंल? भिंग कुठंय?"

खण उघडला तेव्हा माझ्या काचेत काय ऊन शिरलं म्हणून सांगू! पण मीही बघितलं, आणि माझाही रुबाब उतरला. दोन्ही काठ बाळाच्या गालासारखे गुळगुळीत होते.

"अक्का," सुभेदारांनी हळूच विचारलं, "ही पदकं घासत होता काय?"

"हाव. देवातच ठिवलीत न्हवं? सणावाराला देवाची भांडी घासते तवा हीबी घासते. चिंच लावते, वरून विटकरीची पूड. त्यांच्या मागं एकबी सण चुकवला न्हाई म्या."

तिनं हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. सुभेदार गप्प झाले. गप्प बसणं हा त्यांचा स्वभावच नाही, त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे तिला न बघताही कळलं. वर्षाराणीनं तिचा हात हातात घेऊन खरं काय ते सांगितलं.

गौरम्मानं काठावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. "म्हंजे त्यांचा नंबर म्याच पुसला व्हय," ती म्हणाली. "आपल्या हातानं."

मित्रांनो, मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. कुणावर राग धरावा? त्या माउलीनं हलगर्जीपणा केला असता तर नंबर शाबूत राहिला असता.

"पदकं पेटीत टाकून इसरलेले मी लई बघितलेत अक्का," सुभेदार म्हणाले. "जीव लावून झिजवणाऱ्या तुम्हीच एक. आता डोळं पुसा आन् मला काम करू द्या. जवळ विभूती हाय का?"

तिनं कमरेच्या बटव्यातून विभूती काढली. सुभेदार दुसरं पदक घेऊन दारातल्या उन्हात गेले. काठावर चिमूटभर विभूती चोळली आणि अंगठ्यानं अलगद पुसली. पदकाच्या कडीजवळ घासताना गौरम्माची बोटं नीट पोचत नव्हती, तिथल्या उरल्यासुरल्या खाचांत पांढरी रेघ बसली. मी जीव एकवटून बघितलं. एक आकडा दिसला, मग दुसरा. वर्षाराणी श्वास रोखून लिहीत होती. नंबर सात आकडी असतो. सहा आकडे झाले, आणि सातव्याच्या जागी काही म्हणजे काही नाही.

"एक आकडा कमी पडतोय सर. अर्ज परत येईल."

"आकडे असतात किती?"

"म्हणजे?"

"शून्यापासून नवापर्यंत दहाच ना? मग दहाच्या दहा नंबर लिही. खाली नाव लिही, गाव लिही. त्यातला आपला गुरुबसप्पा कोण, ते रेकॉर्डवाले बघतील."

अर्ज गेला. पुढचे पाच आठवडे गौरम्मा शेजारच्या फोनवरून रोज विचारायची, "आलं का वं?" आणि वर्षाराणी रोज सांगायची, "येईल आज्जी." मला आता खणात ठेवत नव्हते. मीही टेबलावर पडल्या पडल्या वाट बघत होतो.

उत्तर आलं. शेवटचा आकडा सात होता. नाव जुळलं, गाव जुळलं, ओळखपत्र झालं, आणि होळीच्या आधी गौरम्माच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशनही झालं.

महिन्याभरानं ती केंद्रात आली. आधी वर्षाराणीला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "आवाजावरनं मला वाटलं, चांगली दांडगी असशील. तू तर काडी हाइस गं." मग तिनं ते उत्तराचं पत्र मागितलं. हिंदीत होतं, आणि ती जुनी चौथी शिकलेली होती. सुभेदारांनी मला तिच्या हातात दिलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पत्नीचं नाव, अशी ती ओळ होती.

"गौ... र... म्मा," तिनं वाचलं. बराच वेळ मला तिथून हलवलं नाही. "घरात कदी नावानं हाक मारली न्हाई त्यांनी. आन् हितं लिवून ठिवलं होतं?"

माझ्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला, तो तिनं पदरानं टिपला.

मित्रांनो, तुमच्याही घरी जपून ठेवलेलं काहीबाही असेल. ते जरूर जपा. पण त्याआधी आजी-आजोबांजवळ बसा आणि त्यावर काय लिहिलंय ते विचारून वहीत उतरवून घ्या. आजच घ्या. बारीक अक्षर मी हवं तेवढं मोठं करून दाखवीन, पण पुसून गेलेलं अक्षर मला दिसत नाही.