नाना माल

“हा पडदा अगदीच नाना निघाला हो बाबा! पहिल्याच धुण्यात विटला,” नवी सूनबाई म्हणाली आणि सासऱ्यांच्या घशात चहाचा घोट अडकला. मुलगा वर्तमानपत्राआड खुदुखुदु हसत होता. नालायक कुठला!

आता हिला सांगायचं कसं, की गावभर ज्या शब्दानं लोक भिकार मालाचा उद्धार करतात, तो नाना म्हणजे तुझा सख्खा सासरा? घरात ते बाबा होते, पण छत्र्यांच्या कारखान्यात तीस वर्षं नाना. चप्पल तुटली? नाना. सिनेमा पडला? नाना. आणि सोमवारपासून सूनबाई त्याच कारखान्यात शिलाईला लागणार होती. म्हणजे बिंग फुटणारच. पोरीच्या नजरेतून उतरलो तर घरात मान वर कशी करायची, याचीच त्यांना धास्ती लागली होती.

सोमवारी ते सकाळभर तिची नजर चुकवत राहिले. शेवटी जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन थेट त्यांच्या तपासणीच्या टेबलाशीच आली. मागोमाग शिलाईच्या थोरल्या बाई.

“बाबा, नाना म्हणजे तुम्ही? आणि मला पत्ता नाही!”

नानांचं तोंड एवढंसं झालं. “अगं, लोकांचं तोंड कोण धरणार...”

“तुम्ही गप्प बसा हो,” थोरल्या बाई म्हणाल्या. “ऐक गं. हे कामाला लागले तेव्हा मालक म्हणाले, दहातली एक छत्री तपासा, पुरे झालं. पण या पठ्ठ्यानं एकूणएक छत्री तीनदा उघडली, तीनदा मिटली, वर नळाखाली धरली! गळली की त्या कोपऱ्यात. आठवड्यात हा ढीग! आम्ही म्हणायचो, ही टाक नानाकडे, तीही नानाकडे. मग नुसतंच नाना झालं. हमालांनी ते बाजारात नेलं, नि बसला शब्द.”

सूनबाई डबा उचलून समोरच्या आपल्या मशीनकडे निघून गेली. नानांना घास गोड लागेना.

दुपारी तिनं शिवलेली पहिली छत्री टेबलावर आली. एकदा, दोनदा, तीनदा उघडली. नळ सोडला. शिवणीतून टपकन एक थेंब मनगटावर पडला. अरे देवा! पण एकच तर थेंब. पोरीचा पहिलाच दिवस, सगळे माना वळवून बघताहेत. नानांनी जन्मात पहिल्यांदा इकडेतिकडे पाहिलं आणि छत्री हळूच चांगल्या मालाकडे सरकवली.

“बाबा!” सूनबाई ताडकन उठली. “गळतेय ना?”

“थेंबभर गं. चालतं.”

“चालतं? तुम्हाला?” तिनं छत्री उचलली, तरातरा कोपऱ्यात गेली आणि ढिगावर फेकत खणखणीत आवाजात ओरडली, “नाना!”

हशाचा नुसता स्फोट झाला. नानाही पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आपलं नाव एवढ्या ताठ मानेनं कुणी घेतलेलं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

पुढची छत्रीही तिचीच होती. नानांनी बाही वर सारली आणि नळ पूर्ण सोडला.