मी भविष्य सांगत नाही, पाव भाजतो

मी एक जुना टोस्टर आहे. मित्रांनो, हे वाक्य तुम्हाला साधं वाटेल. पण अलाबामातल्या पाइनी फोर्क गावात गेली तेरा वर्षं ते कुणीही मान्य केलेलं नाही. तिथे मला अंतर्ज्ञानी समजतात. एक म्हातारी तर माझ्यासमोर गुडघे टेकून बसली होती. तिची गुडघेदुखी कधी जाईल, एवढंच तिला विचारायचं होतं.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. अंगावर चकचकीत पोलाद, पोटात दोन खण, प्रत्येक खणाला तापणाऱ्या तारा, आणि बाजूला खाली ओढायची दांडी. तपासनिसाने माझ्यात पावाच्या दोन स्लाईस घातल्या, बाहेर आल्यावर उलटसुलट पाहिल्या, एक चावली आणि म्हणाला, "छान भाजलाय." पुढची वीस वर्षं माझ्या कामाबद्दल कुणी चकार शब्द काढणार नाही, हे माहीत असतं तर मी ते वाक्य जरा नीट ऐकून ठेवलं असतं.

तिथून मी पाइनी फोर्कला ओपल टिडवेलच्या खाणावळीत आलो. ओपल काउंटर सांभाळायची, तिचा नवरा हॉइट अंडी तळायचा, आणि मी पाव भाजायचो. सकाळी पाचपासून दुपारपर्यंत. माझा टोस्ट लोक अंड्याच्या पिवळ्यात बुडवायचे, त्याने ताटली पुसायचे आणि कौतुक मात्र अंड्याचं करायचे. चालायचंच. मी तक्रार केली नाही. तेव्हा.

गावाला वेड फुटबॉलचं. आता, या खेळाला नाव फुटबॉल आहे आणि त्यात चेंडू बहुतेक वेळ हातात असतो. मी यावर काही बोलणार नाही, मला हातही नाहीत आणि पायही. गावाचा संघ म्हणजे शेजारच्या होल्कम कॉलेजचा. संघाचं नाव 'खेचरं'. गावातल्या निम्म्या लोकांनी त्या कॉलेजचा दरवाजाही पाहिलेला नाही, पण "आपण हरलो" म्हणताना ते टोपी काढून छातीशी धरतात.

तेरा वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी शेवटच्या सेकंदाला होल्कमच्या पोराची किक दोन खांबांमधून जायच्या ऐवजी बाहेरून गेली आणि सामना हातचा गेला. हॉइटने हातातला तवा उचलला आणि माझ्या डोक्यात घातला. किक मी मारली नव्हती. मी त्या मैदानावर नव्हतोच. तरी माझ्या डाव्या खणाची तार तुटली. त्या दिवसापासून माझी उजवी स्लाईस खरपूस आणि डावी पांढरी फटक.

दुरुस्तीला पंधरा मिनिटं लागली असती. हॉइट म्हणाला, "बघू." पुढे हॉइट देवाघरी गेला, तरी ते बघणं काही झालं नाही.

आणि मग तो गुरुवार उजाडला. काउंटरवर शनिवारच्या सामन्यांचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. त्यात नेहमीप्रमाणे पाहुणा संघ डावीकडे आणि यजमान उजवीकडे लिहिलेला. ओपलला गंमत सुचली. तिने टूथपिकने स्लाईसवर संघांची अक्षरं कोरली आणि वेळापत्रकात होती तशीच, डावी डावीकडे आणि उजवी उजवीकडे, माझ्यात घातली. "ज्याचा पाव भाजेल तो जिंकेल," ती म्हणाली. सगळे हसले.

सहापैकी पाच अंदाज बरोबर आले. मग कुणी हसलं नाही.

मित्रांनो, यात दैवी काय आहे? उजवीकडे नेहमी यजमान. भाजतो नेहमी उजवा. आणि यजमान बहुतेक वेळा जिंकतोच, कारण तो स्वतःच्या गादीवर झोपून आलेला असतो आणि साठ हजार माणसं त्याच्या बाजूने बोंबलत असतात. पाहुणा मात्र रात्रभर बसमध्ये अंग अवघडून आलेला. हे बारा वर्षांत कुणाच्याही लक्षात येऊ नये? ज्या गावाला तेवीस वर्षांपूर्वीच्या सामन्यातला प्रत्येक टप्पा तोंडपाठ आहे, त्या गावाच्या?

एकाच्या लक्षात आलं. डेल्बर्ट प्रूइटच्या.

डेल्बर्ट गावच्या साप्ताहिकात एकतीस वर्षं 'प्रूइटचा कौल' लिहीत होता. शनिवारी कोण जिंकणार, ते शुक्रवारी छापून यायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दूर. शुक्रवारी लोक त्याला रस्त्यात अडवून शिव्या द्यायचे आणि तो खुलायचा. बाकीचे सहा दिवस त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. त्याच्यात एकच खोट होती. होल्कम हरणार, असं त्याने जन्मात कधी लिहिलं नाही. अर्धा संघ आजारी असला तरी कौल होल्कमला. दर मोसमात तो माझ्या मागे राहायचा, तो याच पायी.

"ओपल, अगं हा फक्त उजवीकडे भाजतो," तो एकदा म्हणाला.

"देवाच्या उजव्या हाताला कोण बसतं, डेल्बर्ट? येशूच ना?" ओपलने विचारलं.

"अगं, तार तुटलीय त्याची!"

"जळतोस तू. टोस्टरवर जळतोस. या वयात."

पाद्री लीमन कोपऱ्यात मक्याची लापशी खात होते. ते मान हलवत म्हणाले, "टोस्टर निदान अहंकार तरी करत नाही."

मी अहंकार करत नव्हतो, कारण मी संतापात होतो. माझ्या तळाशी चुऱ्याचा एक ट्रे असतो. तो बारा वर्षांत कुणी ओढला नव्हता. माझ्या पोटात इतका चुरा साचला होता की त्यात एका मुंगळ्याच्या तीन पिढ्या नांदून गेल्या. सगळे मला विचारायचे की शनिवारी काय होणार. मला काय होतंय, ते कुणी विचारायचं नाही.

गेल्या मोसमात संपादकाने डोकं चालवलं. डेल्बर्टचा कौल आणि माझा कौल शेजारी शेजारी छापायचे. मोसमाअखेर ज्याचे जास्त बरोबर, सदर त्याचं. डेल्बर्ट हरला तर एकतीस वर्षांचं सदर बंद आणि त्या जागी माझा फोटो.

शेवटचा आठवडा आला तेव्हा माझे अठ्ठावन्न बरोबर होते, डेल्बर्टचे पंचावन्न. सहा सामने उरले होते. सहावा सगळ्यात मोठा, होल्कम विरुद्ध ब्रॅडशॉ, आणि तोही ब्रॅडशॉच्या मैदानावर.

बुधवारी दुपारी खाणावळ रिकामी होती. ओपल मागे बटाटे सोलत होती. डेल्बर्ट काउंटरच्या आत आला आणि त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. मला वाटलं, संपलं आता. मी त्याला दोषही दिला नसता.

त्याने मला उलटा केला आणि ट्रे ओढला. ढीगभर चुरा पडला. "अरे देवा," तो पुटपुटला. "किती वर्षं रे हे असं?" मग त्याने ब्रशने माझे खण झाडले, स्क्रू काढले, तुटलेली तार शोधली, पीळ देऊन पक्की जोडली आणि शेवटी रुमालाने माझं अंग पुसलं. पंधरा मिनिटं लागली. मी म्हटलं होतं ना?

गुरुवारी सकाळी खाणावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. ओपलने पहिली जोडी घातली, दांडी ओढली. मित्रांनो, माझ्या डाव्या अंगात बारा वर्षांनी ऊब आली. मी जीव ओतला. दोन्ही स्लाईस वर आल्या. मधासारख्या तांबूस, कडेला किंचित कुरकुरीत, तंतोतंत सारख्या. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम काम.

कुणीतरी किंचाळलं.

"दोन्ही भाजले! म्हणजे काय?"

"बरोबरी?"

"कॉलेजच्या सामन्यात बरोबरी नसते! निकाल लागेपर्यंत जादा वेळ खेळवतात!"

"म्हणजे दोघेही हरणार," पाद्री लीमन गंभीरपणे म्हणाले.

सहाही जोड्या सारख्याच निघाल्या. ओपलने माझे चकाकणारे स्क्रू पाहिले आणि सावकाश मान वळवली. "डेल्बर्ट. हात लावलास तू याला?"

"दुरुस्त केला," डेल्बर्ट म्हणाला.

"दुरुस्त केला म्हणजे काय? चांगला मोडलेला होता!"

बारा सोनेरी टोस्ट काउंटरवर पडून होते. कुणी एकालाही शिवलं नाही. संपादकाने माझ्या सहाही चौकटींत 'बरोबरी' छापलं. डेल्बर्टने नेहमीप्रमाणे होल्कमला कौल दिला.

शनिवारी पाच सामने झाले. बरोबरी एकाचीही नाही, म्हणजे माझे पाच चूक. डेल्बर्टचे तीन बरोबर आले. तोही अठ्ठावन्नवर आला. आता फक्त होल्कम. ते जिंकले तर सदर त्याचं. सगळं गाव ओपलच्या टीव्हीसमोर, आणि डेल्बर्ट शेवटच्या स्टुलावर टोपी दोन्ही हातांनी पिळत.

सामना चांगला झाला म्हणतात. मी लोकांच्या पाठी पाहत होतो. साठ मिनिटं संपली आणि फलकावर चोवीस-चोवीस. मग ओपल हळूच म्हणाली, "बरोबरी."

सगळी खाणावळ माझ्याकडे वळली. मी अक्षरशः काहीच केलं नव्हतं. माझा प्लगही लावलेला नव्हता.

जादा वेळेत होल्कमची किक पुन्हा खांबाबाहेरून गेली. तवा या वेळी कुणाच्या हातात नव्हता, एवढं नशीब. पण पराभवाचं दुःखही कुणी धड केलं नाही. "ठरलेल्या वेळेत बरोबरीच होती ना? होती की नाही?" ओपलने संपादकाला विचारलं. संपादक तिच्या हातचा पीकन पाय नावाचा गोड पदार्थ फुकट खातो. तो म्हणाला, "होती." एकोणसाठ विरुद्ध अठ्ठावन्न.

डेल्बर्टने टोपी घातली आणि तो बाहेर गेला. माझ्या पोटातला चुरा ज्या एकाच माणसाने काढला, त्याचं सदर माझ्या नावावर गेलं. आणि मला ओरडायला तोंड नाही. दोन खण आहेत, पण ते वेगळं.

मला काचेच्या पेटीत ठेवलं. हात लावायचा नाही, वापरायचं नाही. पाव भाजायला ओपलने नवा टोस्टर आणला, त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. त्याला अजून कळलेलं नाही, तो किती सुखी आहे ते.

पुढचा मोसम आला तेव्हा एक अडचण संपादकाच्या ध्यानात आली. टोस्टरला लिहिता येत नाही. भाजलेल्या पावाचा अर्थ लावून दोनशे शब्द लिहील, असा माणूस गावात एकच होता.

आता दर गुरुवारी भल्या पहाटे, गर्दीच्या आधी, डेल्बर्ट ओपलकडून पेटीची किल्ली घेतो. "पुजारीबुवा आले," ओपल म्हणते. तो मला बाहेर काढतो, ट्रे झटकतो, प्लग लावतो, दोन स्लाईस घालतो. अक्षरं कोरत नाही. दोन्ही सारख्या भाजून वर येतात. त्यांना लोणी लावून तो दोन्ही खातो, बोटं पुसतो आणि 'टोस्टरचा कौल' लिहायला घेतो. माझ्या नावाने. दर आठवड्याला होल्कम जिंकणार, असं मीच सांगितल्याचं छापून येतं. शुक्रवारी लोक त्याला रस्त्यात अडवतात. "काय रे डेल्बर्ट, टोस्टरला अक्कल आहे का?" आणि तो खुलतो.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात जी वस्तू मुकाट्याने राबते, तिला भविष्य विचारू नका. तिला उलटी करा आणि ट्रे झटका. मोडली असेल तर पंधरा मिनिटं काढा. "बघू" म्हणू नका, हॉइटचं काय झालं ते सांगितलंच आहे. आणि एवढं झाल्यावर तिने जे काम केलं असेल, ते खा.

गेल्या गुरुवारी डेल्बर्टने दुसऱ्या स्लाईसचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, दार बंद आहे ना ते पाहिलं आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "छान भाजलाय."

ते मात्र मी नीट ऐकून ठेवलं आहे.