माठाचं फळ पिकेपर्यंत

या पृथ्वीतलावर सरांना ओळखता येणार नाही असं झाड अजून उगवायचं होतं. सरांना ओळखणारं माणूस मात्र त्या चार मजली इमारतीत एकही नव्हतं. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, मागोमाग बायको गेली, आणि तेव्हापासून बेल वाजली की समजावं, कुणाचा तरी मजला चुकलाय.

त्या दुपारी मात्र तळमजल्यावरची टेलरबाई हातात हिरवी डहाळी घेऊन दारात उभी.

"सर, तुमच्या पाटीवर वनस्पतिशास्त्र वाचलं म्हणून आले. हे दुकानाच्या पायरीशी उगवलंय. उपटू की ठेवू?"

सरांनी एका नजरेत ओळखलं. रानमाठ. पण तेवढं सांगितलं असतं तर बाई आल्या पावली जिना उतरली असती. सर खाकरले.

"असं घाईत नाव घेता येत नाही. बसा."

दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा ढीग बसला होता. त्याला सरांनी उठवलं.

"पानं बघा, एकाआड एक. देठ लांब. मागच्या शिरा ठसठशीत. आता टोक बघा."

"कुणीतरी कात्री लावलीय."

"कात्री नव्हे! जन्मतःच खाच असते!" सरांना कितीतरी दिवसांनी वर्ग भरल्यासारखं झालं. "पानाच्या बगलेत, देठ फुटतो तिथं, काटा लागतो बोटाला?"

"नाही हो."

"म्हणजे काटेमाठ बाद."

"मग साधा माठच की! उपटते." बाई उठलीसुद्धा.

सर घाईनं आडवे आले. "थांबा! फळ कुठं पिकलंय? पिकल्यावर झाकणासारखं उघडलं तर एक जात, न उघडता सुरकुतलं तर दुसरी. तोवर उपटायचं नाही. दर आठवड्याला एक डहाळी वर आणायची."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. "सर, खरं सांगा. दारातच ओळखलं होतंत ना?"

सर खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर शेजारच्या इमारतीची कोरी भिंत होती.

"कूळ ओळखलं होतं," ते पुटपुटले. "बाकीचं... बसून बघावं लागतं."

बाई पुन्हा टेकली. "बरं. येत जाईन. पण माझी एक विनंती आहे."

सर ताठ झाले. आता ही शास्त्रीय नाव विचारणार!

"शर्ट तेवढा सुलटा घालत जा. मघापासून शिवणी दिसताहेत, पानाकडे लक्षच लागत नाहीये."